सावरीचा कापूस

नांदेड,
३ मार्च १९८६

प्रिय वीरण्णा,

सप्रेम नमस्कार. एका गंभीर तक्रारीनं पत्राची सुरुवात करावी लागत आहे. गेल्या दिवाळीत तू जो तक्क्या पाठवलास, त्यानं माझ्या घरातली शांतता भंग पावली आहे. तक्क्याला माणसानं टेकावं, अशी आजवर माझी समजूत होती. तुझा तक्क्या टेकूच देत नाही. दुपारी शाळेतून येऊन त्याच्याकडे पाठ केली, की तो मला वर्गात नवा मुलगा बसावा तसा ताठ बसवतो. उन्हात ठेवून पाहिला. सौ. प्रेमलेनं धोपटण्यानं बडवून पाहिला. तो स्थितप्रज्ञ आहे. कापूस कमी भरला तर गिऱ्हाईक भांडतं, हे मला ठाऊक आहे. पण जास्त भरला तर दाद कुणाकडे मागायची, याबद्दल आमची सगळी शास्त्रं मौन पाळून आहेत.

असो. तक्रार आटोपती घेतो, कारण ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याकडेच काम निघालं आहे.

विष्णुपुरीच्या इंजिनियरिंग कॉलेजातल्या चार पोरांनी मुंबईला एक जुनी शिडाची होडी मिळवून दुरुस्त केली आहे. एप्रिलात मुंबईहून गोव्यापर्यंत अशा होड्यांची शर्यत आहे. तिच्याआधी एक तपासनीस येतो. होडी पळते किती, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. बुडायला लागल्यावर तुम्ही काय कराल, एवढंच तो पाहतो. त्यानं पहिल्याच खेपेला होडी नापास केली. कारणं ऐक. पाणी उपसायच्या बादलीला दोरी बांधलेली नव्हती. होडीच्या अंगाला जिथं जिथं नळीसाठी भोक आहे, तिथं तिथं ठोकायला एकेक लाकडी बूच टांगलेलं हवं, ते नव्हतं. आणि मुख्य म्हणजे लाइफ जॅकेट, बुडत्याला तरंगत ठेवणारी जाकिटं. पोरांनी ती भंगारातून आणली आहेत. खोळी कुजल्यात, पट्टा ओढला की हातात येतो. नवी घेण्याची त्यांची ऐपत नाही.

दुसरी तपासणी एप्रिलच्या मध्याला आहे. तीत नापास झाली तर दोन वर्षांची मेहनत किनाऱ्यावर पडून राहणार. तुझ्या दुकानात ताडपत्री शिवायची मशिनं आहेत. चार जाकिटांना नव्या खोळी आणि नवे पट्टे करून देशील का?

गुरम्मावहिनींना नमस्कार.

तुझा,
उद्धव

•

लातूर,
७ मार्च ८६

उद्धवा,

शरणार्थ. खत मिळालं. तक्क्याचं म्हणशील तर तो बसायसाठी हाय, निजायसाठी न्हाई. तू दुपारी निजतोस हे तुझ्याच हातानं लिहून दिलंस. जपून ठेवतो.

होडीचं दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. लई हसले. इथं टँकर आला की बाया घागरी घेऊन पळतात, ती बी शर्यतच हाय, तिला कुणी तपासनीस न्हाई. जिल्हा होऊन चार वर्षं होत आली. ऑफिसं आली, साहेब आले, साहेबांच्या खुर्च्यांच्या गाद्या आपल्याच दुकानातून गेल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं. आणि तू लिहून राहिलास, बादलीला दोरी नव्हती म्हणून नापास. आमच्या बादलीला दोरी लई लांब हाय, खाली विहीर कोरडी. मग आम्ही पास का नापास, इचार तुझ्या साहेबाला.

जाकिटं पाठवून दे. बुचं विरूपाक्ष सुतार कातून देईल. कामाची फिकीर करू नको.

पण एक इचारतो. तू संस्कृतचा मास्तर, होडीत तुझा जीव कसा अडकला? आमचा सिद्धराम त्या कॉलेजातून निघून मुंबईच्या कारखान्यात लागला ते बरं झालं. न्हाईतर तो बी चढला असता त्या होडीवर. तिचा भाऊ पुरात गेल्यापासून गुरम्मानं पोराला मांजरा नदीच्या गुडघाभर पाण्यात उतरू दिलं न्हाई, तुला ठावं हाय. चार वर्षं तुझ्या घरी राहिला तेव्हा तिनं तुझ्याकडून नदीचंच वचन घेतलं होतं.

उदगीरचं स्थळ आलंय. पोरगी चांगली हाय. सिद्धराम खताला जवाब देत न्हाई. तुला लिहितो का?

वीरण्णा

•

नांदेड,
११ मार्च १९८६

प्रिय वीरण्णा,

एस.टी.च्या पार्सलनं जाकिटं पाठवली आहेत. गाठोडं मोठं दिसलं तरी वजन काही नाही. हमालानं त्यात काय आहे म्हणून दोनदा विचारलं. मी म्हणालो, वारा.

खोळ नारिंगी रंगाची हवी, लांबून दिसावी म्हणून. पट्टे छातीवर आणि कमरेला, असे की पाण्यातल्या माणसाला पट्ट्याला धरून वर ओढला तरी तुटू नयेत. बाकी आतल्या कापसाबिपसाबद्दल मी काही सांगत नाही. कापसाच्या बाबतीत तुला सांगायला जाणं म्हणजे मला कुणी विभक्त्या शिकवण्यासारखं होईल.

माझा जीव का अडकला, विचारतोस. ही पोरं पोहायला शिकली ती इथल्या घाटावर, आणि मी पायरीवर कपडे सांभाळत बसत असे. कपडे सांभाळणाऱ्यालाही काही जबाबदारी असते.

सिद्धरामाचं पत्र असतं अधूनमधून. प्रकृती उत्तम आहे. काम फार आहे म्हणतो आणि ते खोटं नाही. स्थळाचं मी त्याच्या कानावर घालतो. वहिनींना सांग, काळजी करू नका.

एवढं काम मनावर घे. पोरं रोज वाट पाहतात.

उद्धव

•

लातूर,
३० मार्च ८६

उद्धवा,

काम झालं. उद्या पहिल्या गाडीनं पार्सल येईल. उशीर झाला, पण आपल्या हातचं काम म्हणजे आतून-बाहेरून झालं पाहिजे.

पट्टे दुहेरी निवारीचे घातले. दुकानातल्या पंचाक्षरीला एक जाकीट घालायला लावून दोघांनी पट्ट्याला धरून वर उचलला. पंचाक्षरी केवढा हाय, तू बघितलंयस. शिवण हलली न्हाई, पंचाक्षरीच ओरडला. दुकानाम्होरं माणसं गोळा झाली. एक कलेक्टर ऑफिसातला कारकून इचारून गेला, ही कोणत्या खात्याची वर्दी हाय म्हणून.

पट्ट्यांच्या गाठी गुरम्मानं मारल्या. ती म्हणाली, कुणाची का लेकरं असंनात, आयांनी मारल्या असत्या तशा मी मारते. नको म्हणलं तरी ऐकली न्हाई.

हातात घेतल्यावर थोडी जड लागतील. नव्या मालाचं तसंच असतं. तुझ्या तपासनिसाला म्हणावं, लातूरचं काम हाय, जिल्ह्याचं ठिकाण हाय.

सिद्धरामाला सांग, आई आठवण काढून राहिली.

वीरण्णा

•

नांदेड,
१४ एप्रिल १९८६

प्रिय वीरण्णा,

होडी पास झाली.

आज सकाळी मुंबईहून कॉलेजच्या फोनवर निरोप आला. तपासनिसानं आधी बादली उचलली, दोरी ओढून पाहिली. मग बुचं. विरूपाक्षानं त्यांना डोक्याशी भोवऱ्यासारखा आकार दिला आहे, त्यावर तो हसला म्हणे. पण एकेक बूच भोकाला लावून पाहिलं, तर सगळी घट्ट. शेवटी जाकिटं घेतली. पट्टा पायाखाली धरून दोन्ही हातांनी ताणला, शिवणीवरून बोट फिरवलं. जड आहेत म्हणाला. पण इतकं पक्कं काम या मोसमात कुठल्याच होडीवर दिसलं नाही असंही म्हणाला, आणि सही करून गेला.

माझ्याबद्दल म्हणशील, तर मी ही बातमी शिक्षकांच्या खोलीत अशी सांगितली, की जणू बोट मीच बांधली. आमचे गणिताचे सर म्हणाले, गोदावरीत गुडघाभर पाणी उरलं नाही आणि तुम्ही सागराच्या गोष्टी करता. मी म्हणालो, पाणी नाही म्हणूनच गोष्टी कराव्या लागतात.

शुक्रवारी, अठराला, सकाळी शर्यत सुटते. वारं बरं लागलं तर मंगळवारपर्यंत गोव्याला पोचतील. तू फार मोठं काम केलंस, वीरण्णा. किती मोठं, ते सवडीनं समक्ष सांगेन.

उद्धव

•

लातूर,
१६ एप्रिल ८६

उद्धवा,

शरणार्थ. खत वाचून लई आनंद झाला. गुरम्मानं मंदिरात नारळ दिला. ओळख ना पाळख, पण पोरं आपलीच वाटायला लागली.

आता काम पास झालं म्हणून सांगतो, आधी सांगितलं असतं तर तू भिडेखातर नको म्हणला असतास. तू नुसत्या खोळी बदल म्हणला होतास. मी खोळ उसवली तर आत सावरीचा कापूस. जुना, पिवळा पडलेला, उडून नाकात जाणारा. असला कापूस आम्ही हलक्या उशीत बी भरत न्हाई. आणि भंगारातला माल म्हणजे आधी कुणाच्या अंगावर होता, तो कसा गेला, कोण जाणे. आमच्या दुकानाची आजोबापासूनची रीत हाय, परक्या घरचा जुना कापूस नव्या खोळीत घालायचा न्हाई. मेल्या माणसाच्या अंथरुणातला निघाला तर पुढच्याला भोवतो. म्हणून तो सगळा मागच्या उकिरड्यावर टाकला आणि चारी जाकिटांत आपल्या भागातला लांब धाग्याचा कापूस, दोन वेळा पिंजून, ठासून भरला. लेकीच्या रुखवताच्या गादीत घालतात तो. पोरांना थंडी बी वाजणार न्हाई.

ही माझ्याकडून त्या पोरांना भेट समज.

वीरण्णा

•

नांदेड,
शुक्रवार, १८ एप्रिल, दुपार

वीरण्णा,

हे पत्र लातूरच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देत आहे. त्याच्याच हाती लगेच उत्तर दे.

तुझं पत्र आत्ता मिळालं. चारही जाकिटांत कापूस बदललास का? एखाद्यात तरी सावरीचा राहिला आहे का? नीट आठव. पंचाक्षरीला विचार, पिंजणाऱ्याला विचार.

सावरीचा कापूस पाणी पीत नाही. त्याच्या तंतूत हवा असते. तो तरंगतो म्हणून त्यात गुंडाळलेला माणूस तरंगतो. जाकिटात तेवढाच कामाचा होता, खोळ नव्हे आणि पट्टे नव्हेत. मला हे एका पोरानं पूर्वी समजावून सांगितलं होतं. तुला लिहायला हवं होतं. कापसातलं तुला काय सांगायचं म्हणून लिहिलं नाही. मला वाटलं, तुला ठाऊकच असणार.

आपला कापूस पाणी पितो, हे तुला मी सांगायला नको.

होडी सकाळीच सुटली आहे. मी मुंबईला तार केली. तिथून उत्तर आलं की सगळ्या होड्या बंदराबाहेर गेल्या. रत्नागिरीला आणि मालवणला तारा केल्या आहेत. आता पोस्टातच बसून आहे.

उद्धव

•

लातूर,
शनिवार

उद्धवा,

चारी. चारीत बदलला. एक बी राहिला न्हाई. उकिरड्यावर जाऊन बघितलं, सावरीचा कापूस बाभळींवर उडून बसलाय.

तुझं खत वाचून आधी राग आला. वाटलं, मास्तर उगाच भिऊन राहिला. मग त्याच कापडाची खोळ करून, तोच कापूस तसाच ठासून, घरातल्या पिण्याच्या हौदात टाकला. गुरम्मा ओरडली, टँकर परवा येणार म्हणून. खोळ तरंगली. चांगली तरंगली. मी म्हणलं, बघ. पान खाऊन परत आलो तर निम्मी बुडाली होती. मी तिथंच बसलो. मग ती तळाला गेली. वर काढायला गेलो तर एका हातानं उचलना. पंचाक्षरीला हाक मारावी लागली.

असं वजन मी चार लेकरांच्या छातीला बांधून दिलं, आणि सुटू नये म्हणून दुहेरी निवार घातली.

दुकान बंद केलंय. गुरम्मा इचारती काय झालं, तर काय सांगू तिला. गाठी तिनं मारल्यात.

तू कॉलेजात जा आणि त्या चौघांची नावं काढ. त्यांच्या बापांची नावं, गावं, सगळं कळव. मी एकेकाच्या दारी जातो. बातमी येण्याआधी मला गेलं पाहिजे. नंतर गेलो तर कोणत्या तोंडानं जाऊ? त्यांना म्हणेन, चूक माझी हाय, मारायचं तर मला मारा. एका बापानं दुसऱ्या बापाला एवढं तर सांगावंच लागतं. उशीर करू नको, उद्धवा. नावं कळव.

वीरण्णा

•

नांदेड,
रविवार, २० एप्रिल १९८६

प्रिय वीरण्णा,

हे पत्र तू एकट्यानं वाच. वहिनींसमोर उघडू नकोस. मी याच्या मागच्या गाडीनं येतो आहे. येऊनच सांगायचं ठरवलं होतं. पण काल तुझं पत्र आल्यापासून ते वाक्य तोंडात जुळवून पाहतो आहे, आणि जमत नाही. एवढी वर्षं पोरांना वाक्यं जुळवायला शिकवली.

तू चार बापांची नावं मागितलीस. एकाचे वडील परभणीला तारखात्यात आहेत. त्यांना मी काल प्रत्यक्ष भेटून आलो. दुसऱ्याचे हिंगोलीला, तिसऱ्याचे मुंबईतच. त्यांना कळवलं आहे. चौथा तू आहेस.

होडी सिद्धरामाची आहे. कॉलेजातली पोरं असं मी तुला लिहिलं, ते खोटं होतं. कारखान्यातल्या तीन मित्रांबरोबर सुट्टीच्या दिवशी काम करून दोन वर्षांत त्यानं ती उभी केली. शीड त्यानंच बेतलं. नाव 'मांजरा' ठेवलं आहे. आईला कळलं तर ती अन्न सोडेल आणि अप्पा मला घरी घेऊन जातील, असं तो म्हणाला; म्हणून शर्यत झाल्यावर गोव्याहून स्वतः लातूरला येऊन सांगणार होता. तोवर मी गप्प बसावं, असं त्यानं मागितलं आणि मी दिलं. वहिनींना दिलेलं वचन मी आधीच मोडलं होतं. त्याला नदीत उतरू देणारा मीच.

जाकिटांसाठी तुझ्याकडे पाठवा, हेही त्यानंच सुचवलं. मुंबईत शिवून मिळाली असती. तो म्हणाला, तसलं काम फक्त अप्पांच्या दुकानात होतं.

तुझी चूक म्हणतोस, ती तुझी नाही. तुला खरं सांगितलं असतं, की हे तुझ्या मुलाच्या अंगावर चढणार आहे, तर तू मला शंभर प्रश्न विचारले असतेस. हे कशानं तरंगतं, हा त्यातला पहिला असता. परक्या पोरांना माणूस भेट देतो. स्वतःच्या पोरासाठी तो खात्री करून घेतो. ती खात्री मी तुला करू दिली नाही.

आजपर्यंतचं सांगतो. रत्नागिरीहून उत्तर आलं. काल संध्याकाळपर्यंत आठ होड्या समोरून गेलेल्या तिथल्यांनी पाहिल्या. 'मांजरा' त्यात नाही. म्हणजे मागे असेल, किंवा दुरून गेली असेल. शुक्रवारी रात्रीपासून वारं वाढलं आहे, असं बंदरावरचा मनुष्य म्हणाला. कोळ्यांच्या दोन होड्या बघायला बाहेर गेल्या आहेत. गोव्याला निरोप ठेवला आहे. याहून अधिक मला माहीत नाही, आणि लपवलेलं काही उरलेलं नाही.

तो उत्तम पोहतो. हे मी तुला धीर द्यायला सांगत नाही. पाण्यात तो एकटा आणि मोकळा असेल, तर मला त्याची फारशी काळजी वाटणार नाही. पण गुरुवारी, निघायच्या आदल्या दिवशी, त्यानं कॉलेजात फोन करून मला बोलावून घेतलं होतं. आवाजात एवढा आनंद मी कधी ऐकला नव्हता. बाकीच्या तिघांना बेताचंच पोहता येतं, म्हणून मी त्याला जपून राहायला सांगितलं. तो म्हणाला, "काका, आता कुणी पडलं तर मी बेधडक उडी मारीन. अंगावर अप्पांच्या हातचं आहे."

कापूस भिजायला लागला की जाकीट जड होतं, हे त्यालाही कळेल. हुशार आहे. दुसऱ्या कुणाचं शिवलेलं असतं, तर त्यानं तेव्हाच पट्टे कापून ते टाकून दिलं असतं. मला भीती आहे ती एवढीच, वीरण्णा. तो ते अंगातून काढणार नाही.

उद्धव